पावणेतीन किलोची मृणालिनी

माझं नाव बेबी. वय वर्षं 62. गुडघे दोन, दोन्ही कामातून गेलेले. चष्मे तीन, त्यातला एकही वेळेवर सापडत नाही. तरी मंडईत कुणी "ए बेबी!" अशी हाक मारली की मी वळते, आणि माझ्याबरोबर दोन-चार तरुण आयाही कडेवरचं पोर सावरत वळतात. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात मी तटस्थ नव्हते असा आरोप घरात अजून होतो.

माझ्या भाच्याला मुलगी झाली. वजन 2 किलो 750 ग्रॅम. हॉस्पिटलनं तिच्या मनगटावर चिकटपट्टी बांधली होती, तिच्यावर 'बेबी ऑफ' आणि पुढे तिच्या आईचं नाव. मला नाही म्हटलं तरी भरून आलं. सगळे जन्मतात बेबी म्हणूनच, बाकीचे पुढे सुधारतात.

भाच्याला सख्खी बहीण नाही. त्यामुळे बाळाच्या आत्याची जागा रिकामी होती. आमच्या शाळेत मुख्याध्यापक निवृत्त झाले की नवीन येईपर्यंत एखाद्या जुन्या मास्तरांना 'प्रभारी' नेमायचे, तसं मला प्रभारी आत्या नेमण्यात आलं. जबाबदारी पूर्ण, अधिकार शून्य. बाळाचं नाव ठेवायला मराठीत एक आत्या लागते. नावं ठेवायला मात्र सगळं गणगोत चालतं.

तिसऱ्या दिवशी भाचा आणि भाचेसून यांनी हॉस्पिटलच्या खोलीत आम्हाला बोलावलं आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, बिलाचं काहीतरी आहे.

"आम्ही नाव ठरवलंय," भाचा म्हणाला. "मृणालिनी."

खोलीत शांतता पसरली. बाळानं जांभई दिली. माझा दादा, म्हणजे बाळाचा आजोबा, हा निवृत्त अभियंता. त्याला कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय कळत नाही. त्यानं पाळण्याकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे एवढं सगळं हिचं एकटीचं?"

वहिनींना 'मायरा' हवं होतं. ते नाही तर 'कियारा'. त्यासाठी त्यांनी महिनाभर, नवी कवळी बसवलेली असताना, आरशासमोर सराव केला होता. आमच्या घरात उलटाच प्रकार होता. म्हातारी माणसं नव्या नावासाठी हटून बसलेली, आणि जीन्समधली पोरं पणजीच्या ट्रंकेतून नाव काढून आलेली.

"अगं, पण किती भारदस्त आहे ते," वहिनी सुनेला म्हणाल्या. "बाळाला शोभायला हवं ना! हे नाव ऐकलं की कोसा सिल्कची साडी दिसते. चांदीचा पेला दिसतो. प्रमुख पाहुण्या दिसतात. आमच्यासारख्यांच्या घरात ते बसेल का? लोक म्हणतील, दोन खोल्या वाढवल्या नाहीत आणि नाव बघा."

"आई, मृणालिनी म्हणजे कमळाची वेल."

"म्हणजे तिचीच ती कमलकाकडी," दादा म्हणाला. "मागे दिल्लीला खाल्लेली. भजी बरी होती."

आता माझा अधिकार सांगते. 31 वर्षं मी सांगलीतल्या एका शाळेत लेखनिक होते. जनरल रजिस्टर माझ्या ताब्यात. गावातल्या मुलींची नावं कशी बदलत गेली हे मी माझ्या निळ्या शाईनं लिहिलेलं आहे. सुमन, कुसुम, मालती यांनी वैशाली, मनीषा, स्वाती आणल्या. त्यांनी पूजा, प्रियांका, अश्विनी आणल्या. 1994 साली ऐश्वर्या राय विश्वसुंदरी झाली, आणि 2000 साली पहिलीच्या एकाच तुकडीत पाच ऐश्वर्या बसल्या. बाईंनी त्यांना गोरी, उंच, शेंबडी, मागची आणि कुलकर्ण्यांची अशी नावं देऊन प्रश्न सोडवला. पुढेपुढे तर मला मुलगा की मुलगी तेच कळेना. बापानं सांगितलेलं नाव ऐकून मी "अर्थ काय हो?" विचारायचे, आणि तो बिचारा खिशातून मोबाइल काढायचा.

त्याच रजिस्टरात एक नकुसाही होती. घरात तिसरी की चौथी मुलगी. हजेरीला तिचं नाव आलं की ती अगदी खणखणीत "हजर!" म्हणायची. शेजारच्या सातारा जिल्ह्यात 2011 साली अशा दोनशेहून अधिक मुलींची नावं समारंभानं बदलली. तेव्हापासून कुणाच्या मुलीचं नाव 'जरा जास्तच मोठं' असल्याची तक्रार आली की माझ्या पेनातली शाई वाळते.

पण खरं कारण ते नव्हे. खरं कारण मी स्वतः.

मला शाळेत घालायला वडील गेले तेव्हा गुरुजींनी विचारलं, "मुलीचं नाव?" वडील म्हणाले, "बेबी." गुरुजी म्हणाले, "ते झालं हो. नाव काय?" वडिलांनी असा विचारच केलेला नव्हता. पण ते सिनेमाचे शौकीन. मास्टर विनायकांची मुलगी नंदा लहानपणी पडद्यावर 'बेबी नंदा' म्हणून यायची, ते त्यांना आठवलं. "लावा पुढं नंदा," ते म्हणाले. झाले मी बेबीनंदा. ती नंदा मोठी झाली, नायिका झाली, तिचं 'बेबी' गळून पडलं. माझं 'नंदा' गळलं.

पुढे लग्नात सुधारणेची संधी आली होती. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायचं, तो कार्यक्रम. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, रमाबाई रानडेही माहेरच्या यमुना. तांदळाच्या त्या ताटांनी किती यमुना गिळल्या असतील कोण जाणे. माझ्यासाठी सासरच्यांनी 'शर्मिष्ठा' काढलं होतं. मला तर आभाळ ठेंगणं झालं. आमच्या ह्यांचं अक्षर मुळात वाईट, त्यात अंगठी सैल. 'शर्मि' पर्यंत आले आणि 'ष्ठा'पाशी अडकले. पोटफोड्या 'ष'ला ठ कुठून जोडायचा यावर तिथेच दोन मामांचा वाद लागला. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "असू दे रे, पंगत खोळंबलीय," आणि ताट उचललं. त्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला.

त्यामुळे मी शाळेच्या कागदावर बेबीनंदा, रेशनकार्डावर शर्मिष्ठा आणि गॅसच्या पुस्तकावर नुसती बेबी. पेन्शनच्या वेळी मला प्रतिज्ञापत्र करावं लागलं की वरील तिन्ही महिला म्हणजे मी एकच व्यक्ती आहे. खिडकीपलीकडच्या बाईंनी तिघींच्या सह्या मागितल्या. तर अशी बाई 'मृणालिनी'च्या बाजूनं उभी राहणार नाही तर काय करणार?

"नाव उत्तम आहे," मी म्हटलं.

"तू गप गं, बेबे," दादा म्हणाला.

दादानं मग कागद काढला. सरकारनं नियम केलाय, 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. त्यानं बेरीज केली. मृणालिनीची चार अक्षरं, आईची चार, बापाची चार आणि आमचं 'कर'वर संपणारं पण तिथपर्यंत सावकाश जाणारं आडनाव सहा. "अठरा! ही पोर आहे की मालगाडी? पेपरात नाव लिहीपर्यंत पहिली घंटा होईल." मी त्याला सांगितलं की घाई नाही, दाखल्यावर नाव वर्षभरात बिनशुल्क घालता येतं आणि पुढे विलंबशुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. दादाचा चेहरा खुलला. "मग पंधराव्या वर्षी तिलाच विचारू की!"

घरी आल्यावर हाकेची चाचणी झाली. ही दादाचीच कल्पना. मुलगी खाली खेळतेय, संध्याकाळ झालीय आणि आजोबा गच्चीवरून हाक मारतायत, असं समजायचं. दादा गच्चीवर गेला, छाती भरून घेतली आणि ओरडला, "मृणालिनीऽऽ! वर या!"

तो 'ये' म्हणणार होता. तोंडातून 'या' आलं. तळमजल्यावरच्या काकांनी लुंगी सोडून पँट चढवली आणि बाहेर येऊन विचारलं, "आल्या का? कार्यक्रम किती वाजता आहे?"

इथे मुख्य अडचण सगळ्यांच्या लक्षात आली. या नावाला 'अगं' चिकटतच नाही. वहिनींनी प्रयत्न केला: "मृणालिनी, नाकातलं बोट काढ." छे! जीभच धजेना. "मृणालिनी, आपण जरा नाकातलं बोट काढता का?" हे मात्र सुरळीत गेलं. "मृणालिनी, शू केलीस?" अशक्य. "मृणालिनीताई, आपली शू झाली का?" आता कसं मोकळं वाटलं. सांगलीची पद्धत म्हणजे नावाला शेवटी ओढून एकार लावायचा, सुमे, शाले, मंगे. दादानं "मृणालिने" म्हणून पाहिलं. ते संस्कृतची तृतीया विभक्ती चुकल्यासारखं वाटलं, आणि त्याला शाळेतल्या छड्या आठवल्या.

भाचा ऐकेना. "झाशीच्या राणीचं नाव मणिकर्णिका होतं. जन्मापासून. तिला कुणी म्हटलं का, जड होतंय?"

"तिला मनू म्हणायचे," वहिनी म्हणाल्या.

"रवींद्रनाथांच्या पत्नीचं नाव मृणालिनी," भाचेसून म्हणाली.

"ते नाव लग्नानंतर दिलेलं. आधीची भवतारिणी," हे मी म्हटलं. मला गप्प बसवत नाही. शिवाय मी कोणाच्या बाजूनं आहे हे मधूनमधून विसरते.

"बघा, म्हणजे मोठ्या घरात गेल्यावरच मिळतं हे नाव," वहिनींनी लगेच मुद्दा खिशात घातला.

त्यात भाच्याच्या मित्राचा अमेरिकेतून फोन आला. त्यानं वेगळीच शंका काढली. इंग्रजीत लिहिणार कसं? आपण मराठी माणसं 'मृ'ला 'म्रु' म्हणतो, म्हणून एम, आर, यू. हिंदीवाले 'म्रि' म्हणतात, म्हणून एम, आर, आय. कसंही लिहा, सुरुवात एम आर. "इथे माझ्या ऑफिसात एक मृणाल आहे. तिला दर महिन्याला पत्र येतं, मिस्टर उनाल म्हणून. तुझी मुलगी जन्मभर मिस्टर उनालिनी." भाचा त्या रात्री जेवला नाही.

शेवटी पत्रिकेवर सोपवायचं ठरलं. गुरुजींनी पंचांग उघडलं, बोटांवर मोजलं आणि जाहीर केलं, "हस्त नक्षत्र, तिसरं चरण. अक्षर आलं 'ण'."

"कुठलं?"

"ण. बाणाचा."

27 नक्षत्रं, प्रत्येकाची चार चरणं, 108 अक्षरं, आणि आमच्या वाट्याला बाणाचा ण. हस्ताची चारही अक्षरं अशीच, पू, ष, ण, ठ. ठ असता तरी ठकूबाई काढता आली असती. गुरुजी माणूस समजूतदार. म्हणाले, आर्द्रेच्या एका चरणाला तर 'ङ' येतो. त्या आईबापांचं तोंड बघवत नाही, तुम्ही सुखी आहात.

"मृणालिनीत ण आहे की!" भाचेसून ओरडली.

"मधे आहे. सुरुवातीला हवा."

"मग मृ काढून टाकू," दादा म्हणाला. "णालिनी."

गुरुजींनी तोडगा काढला की ण नाही तर न चालतो. नलिनी ठेवा, अर्थही तोच, कमळाची वेल. मिनिटभर सगळ्यांना पटलंही. मग दादाला भूमिती शिकवणाऱ्या नलिनीबाई आठवल्या. त्यांच्या पट्टीचा वळ त्याच्या डाव्या हातावर अजून आहे, तो त्यानं दाखवला. नंदिता म्हटलं तर वहिनींची एक शेजारीण निघाली, जिनं 1998 साली नेलेली इडलीची भांडी अजून परत केलेली नाहीत. नीलिमावर भाचेसून अवघडली, कारण भाच्याच्या कॉलेजात एक नीलिमा होती आणि तिचं नाव निघालं की भाचा खिडकीबाहेर बघतो. जगात इतकी नावं आहेत, पण प्रत्येक नावात आधीच कुणीतरी पाय पसरून बसलेलं असतं. मृणालिनी हे नाव तेवढं रिकामं होतं. आमच्या ओळखीत त्या नावाचं कुणी नव्हतं. तेवढ्या मोठ्या लोकांत आमचं जाणं-येणंच नाही.

या सगळ्यात खरा निकाल दिला तो मालीशवाल्या मावशींनी. त्या रोज सकाळी तेलाची वाटी घेऊन यायच्या, बाळाला पायांवर उपडं घ्यायच्या आणि गावातल्या बातम्या सांगत सांगत पोर रगडायच्या.

"नाव काय काढलं म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

"मृणालिनी."

मावशींचा हात थांबला. त्यांनी पायांवरच्या ऐवजाकडे जरा दबून पाहिलं. "बया! म्हंजी कलेक्टरीणच की ओ. मला वाटलं तुमच्यासारखीच कुणीतरी हाय."

वहिनींनी माझ्याकडे विजयानं पाहिलं. "तुमच्या नातीचं नाव काय, मावशी?" त्यांनी विचारलं.

"कियारा."

वहिनींच्या हातातला चहा बशीत सांडला. महिनाभर कवळीनिशी घोटलेलं नाव मावशींच्या तोंडून तुपासारखं आलं होतं. वर मावशी म्हणाल्या, "आमच्या गल्लीत तीन हायत्या. आन् सुनंच्या भनीची ती मायरा." त्या दिवसापासून वहिनींनी मायरा-कियाराचा विषय काढला नाही. भाचेसून मात्र पुढे सरसावली. "आणि मावशी, तुमच्या सासूबाईंचं नाव?"

"म्हातारीचं? मनकर्णिका."

भाचेसुनेनं मोबाइल काढून ते पटकन लिहून घेतलं. "दुसरीच्या वेळी," ती भाच्याला हळूच म्हणाली. मावशी म्हणाल्या, "असलं जुनाट नाव कशाला ओ? आमी तर म्हातारीला त्या नावानं कवा हाकपण मारली न्हाई."

झालं, मृणालिनी पक्कं झालं. पाळण्यामागे लावायला सजावटवाल्याकडे नाव सांगितलं. त्याचा दर अक्षरामागे 60 रुपये, आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळी. दादानं घासाघीस केली. "ऋकार तर खालीच असतो, तो कुणाला दिसतोय? त्याचे कसले पैसे?" सजावटवाला म्हणाला, "साहेब, 'सई' ठेवलं असतं तर एकशेवीसमध्ये मोकळे झाला असता." दादा तिथूनच मला फोन करून म्हणाला की विचार करायला अजून वेळ आहे.

बारशाच्या दिवशी बघते तर भिंतीवर लखलखीत 'मृणालीनी'. 'ली' दीर्घ. वेलांट्यांचा दर एकच असला तरी चूक ती चूक. माझ्या पोटात गोळा आला. 31 वर्षं मी ऱ्हस्व-दीर्घ पाहिले ते काय यासाठी? मी खुर्चीवर चढून ती वेलांटी उपटून ऱ्हस्व लावायला गेले. गुडघ्यानं दगा दिला, वेलांटी हातात आली आणि तिच्याबरोबर 'नी'ही. हॉलमध्ये पाहुणे जमेपर्यंत भिंतीवर नुसतं 'मृणाल' राहिलं होतं. काकूंच्या घोळक्यात कुणीतरी म्हणालं, "बरं झालं बाई, सुटसुटीत ठेवलं." एक आजोबा पाणीवाल्या बाईंची, मृणाल गोरेंची आठवण काढून लाटण्याच्या मोर्चावर बोलू लागले. त्यांना घुगऱ्यांचा द्रोण देऊन बसवावं लागलं.

मग मुख्य विधी. बाळाला पाळण्याखालून-वरून देऊन-घेऊन झालं. प्रभारी आत्या पुढे झाली. आत्यानं बाळाच्या कानाशी वाकून कुर्र्र् करायचं, नाव सांगायचं, आणि त्याच वेळी जमलेल्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, अशी रीत. वर्षानुवर्षांची उसनवारी फेडायची याहून चांगली जागा नाही. मी वाकले. कंबरेत एक बारीक कळ आली, तिकडे दुर्लक्ष केलं. ज्या घरात मला कुणी धड नाव दिलं नाही त्या घरात मी आज चार अक्षरी, अस्सल, भारदस्त नाव देणार होते. मी बाळाच्या इवल्या कानाशी तोंड नेलं.

"कुर्र्र्..."

आणि मागून वहिनींचा हात पडला. वहिनी माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या, पण हाताला नियमित पीठ मळायची सवय. त्यापाठोपाठ आणखी पाच-सहा.

"आई गंऽऽ!"

बाळानं डोळे उघडले. इतके दिवस कुणाच्याच हाकेला न हललेली ती पोर माझ्याकडे टक लावून बघू लागली.

"काय हो वन्सं," वहिनींनी विचारलं, "सांगितलंत ना नाव?"

मी मान हलवली. पण भाच्यानं सगळं मोबाइलवर टिपलं होतं. संध्याकाळी ते तीनदा लावून पाहिलं. कुर्र्र्, धप्प, आई गं. मृणालिनी कुठेही नाही. गुरुजींना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले की कानात सांगितलं ते सांगितलं, त्याला पुन्हा विधी नाही. कागदावर काय हवं ते लिहा.

कागदावर मी स्वतः लिहिलं. निळ्या शाईनं, 'लि' ऱ्हस्व. अर्जातल्या चौकोनांत अठराच्या अठरा अक्षरं बसली, एकही बाहेर गेलं नाही. दादानं मोजून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी तेलाची वाटी घेऊन आल्या, पाटावर बसल्या, पदर खोचला आणि पाळण्याकडे बघून म्हणाल्या, "चला आईगंबाई, अंघोळीला."

पोरीनं मान वळवली.